भिंतींचे अध्यापन : डेव्हिड ऑर यांच्या ओबर्लिनविषयक लेखनाचा विचार

विद्यापीठीय शिक्षणावर लिहिणारे ग्रंथकार सामान्यतः दोन विषयांभोवती फिरत असतात. अभ्यासक्रम व परीक्षा हा एक विषय. शिक्षणाचे ध्येय हा दुसरा. ज्या खोलीत हे शिक्षण चालते ती खोली कोणत्या इंधनावर उबदार राहते, तिच्यातील दिव्यांची वीज कोठून येते आणि तिच्या शौचालयातील पाणी कोठे जाते, हे प्रश्न इमारत खात्याकडे सोपवून दोन्ही प्रकारचे ग्रंथकार मोकळे होतात. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजात 1990 मध्ये रुजू झालेले प्राध्यापक डेव्हिड ऑर यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी इमारत खात्याचा हा विषय उचलून शिक्षणविचाराच्या केंद्रस्थानी आणून ठेवला. ‘अर्थ इन माइंड’ (1994), ‘द नेचर ऑफ डिझाइन’ (2002) आणि ‘डिझाइन ऑन द एज’ (2006) हे त्यांचे तीन ग्रंथ एका ओळीत वाचले म्हणजे त्यांतून एक अखंड कथानक हाती लागते. पहिल्यात सिद्धांत मांडला आहे, दुसऱ्यात त्या सिद्धांताची साक्ष देणारी वास्तू उभी राहते आणि तिसऱ्यात त्या वास्तूचा इतिहास सांगता सांगता तिचे समर्थनही केलेले आढळते. सिद्धांत विटामातीत उतरवून दाखविण्याची संधी शिक्षणविषयक लेखकाला क्वचितच मिळते. आणि मिळाली तर त्याच्या विधानांची परीक्षा मीटरवर घेता येते, ही आपत्तीही तिच्याबरोबर येते. ऑर यांच्या बाबतीत ही परीक्षा झाली. ती त्यांच्याच कॉलेजातील एका सहकाऱ्याने घेतली.

ऑर यांची मूळ भूमिका त्यांच्या 1990 मधील एका भाषणात सापडते. आर्कान्सा कॉलेजच्या पदवीदान समारंभात केलेले हे भाषण पुढे ‘शिक्षण कशासाठी?’ या शीर्षकाने सर्वत्र वाचले गेले व ‘अर्थ इन माइंड’मध्ये समाविष्ट झाले. पृथ्वीची जी हानी होत आहे ती अडाण्यांच्या हातून होत नसून मुख्यतः पदवीधरांच्या हातून होत आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अज्ञान पूर्णपणे दूर करता येते, पुरेसे ज्ञान आणि तंत्र हाती आले की पृथ्वीचा कारभार माणसाला चालविता येतो, शिक्षणाचा हेतू व्यक्तीला वरच्या पायरीवर चढविणे हा आहे, अशा सहा समजुती ते एकामागून एक घेतात आणि त्यांना भ्रम ठरवितात. भाषण पदवीदानाचे असल्यामुळे त्याची धाटणी प्रवचनाची आहे. प्रत्येक भ्रमाला आपापला परिच्छेद मिळतो, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी घाव पडतो. ही धाटणी ऑर यांच्या गद्यातून पुढे कधीच पूर्णपणे गेली नाही. श्रोत्यांना हलविणारे वाक्य आणि वाचकाला पटविणारे वाक्य यांतला फरक त्यांना ठाऊक नाही असे नव्हे. पण पहिल्याचा मोह त्यांना वारंवार पडतो.

‘अर्थ इन माइंड’मधील दोन प्रकरणे मात्र या मोहापासून बरीचशी मुक्त आहेत, आणि तीच अधिक टिकाऊ आहेत. एकात वास्तुरचना ही स्वतःच एक अध्यापनपद्धती असते, असे सांगितले आहे. जिथे खिडक्या उघडत नाहीत, वारा यंत्रातून येतो, आणि दिवा लावताना कोळशाची खाण नजरेसमोर येत नाही, त्या वर्गात बसलेला विद्यार्थी पर्यावरणावरचे व्याख्यान ऐकत असताना भिंतींकडून नेमके त्याच्या उलट शिकत असतो. ऊर्जा स्वस्त आहे, तिला उगम नाही, टाकलेल्या वस्तूला मुक्काम नाही, हा धडा कोणत्याही अभ्यासपत्रिकेत छापलेला नसतो; म्हणूनच तो अधिक खोल जातो. दुसरे प्रकरण महाविद्यालयांच्या प्रतवारीविषयी आहे. नामांकित नियतकालिके ज्या कसोट्यांवर महाविद्यालयांना क्रमांक देतात त्या बाजूला ठेवून ऑर पाच नव्या कसोट्या सुचवितात. त्यांतील पहिलीच अशी की, प्रत्येक विद्यार्थ्यामागे संस्था किती वस्तू वापरते आणि किती टाकून देते, ते मोजावे. खरेदी, कचरा, वीज व बांधकाम यांविषयीचे संस्थेचे धोरण, अभ्यासक्रमातून मिळणारी पर्यावरणीय साक्षरता, संस्थेच्या पैशाची वाट आणि शेवटी पदवीधर जगात जाऊन काय करतात, या पुढील कसोट्या. ही पहिली कसोटी येथे लक्षात ठेवली पाहिजे. मापाचा आग्रह ऑर यांनी स्वतःच धरला होता. बाहेरच्या कोणी तो त्यांच्यावर लादलेला नव्हता.

येथे एका शब्दाविषयी थोडे बोलणे अप्रस्तुत होणार नाही. ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल 1987 मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ‘सस्टेनेबल’ हा इंग्रजी शब्द सर्वतोमुखी झाला आणि मराठीत त्याला ‘शाश्वत’ हा प्रतिशब्द रूढ झाला. इंग्रजी शब्दाचा अर्थ तोलून धरता येण्याजोगे, पुढे चालू ठेवता येण्याजोगे एवढाच आहे. मराठीतील ‘शाश्वत’ हा शब्द मात्र परमार्थाच्या परिभाषेतून येतो. तो नश्वराच्या विरुद्ध उभा असतो आणि त्याच्यासमोर हिशेब मागण्याची कोणाची छाती होत नाही. दुकानदार कापडाविषयी वापरतो तो ‘टिकाऊ’ हा शब्द या अर्थाला वस्तुतः अधिक जवळचा आहे. टिकाऊ म्हटले की, किती दिवस टिकेल आणि काय भावाने, हे प्रश्न आपोआप येतात. ओबर्लिनच्या प्रकरणात नेमके हेच दोन प्रश्न विचारले गेले.

ओबर्लिन कॉलेजची स्थापना 1833 ची. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना 1835 पासून प्रवेश देणारी आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीशिक्षण देण्यात अग्रेसर राहिलेली ही संस्था. नैतिक दावे करण्याची आणि ते काही अंशी खरे करून दाखविण्याची तिला जुनी सवय आहे. त्या परंपरेत ऑर यांच्या योजनेला जागा मिळणे स्वाभाविक होते. परंतु ती सहज मिळाली असे त्यांचे ग्रंथ सांगत नाहीत. 1992-93 च्या शैक्षणिक वर्षात त्यांनी विद्यार्थ्यांचा एक वर्ग भरविला आणि वास्तुशिल्पज्ञांना त्या वर्गासमोर आणून पर्यावरण-अध्ययनासाठी इमारत कशी असावी, हाच त्याचा अभ्यासविषय केला. पुढे कॉलेजने परवानगी दिली ती एका अटीवर: एरवी कॉलेजला देणगी देण्याचा संभव नसलेल्या मार्गांनी ऑर यांनीच पैसा उभा करावा. 1995-96 मध्ये तेरा बैठका झाल्या. त्यांत विद्यार्थी, अध्यापक आणि गावकरी मिळून अडीचशेच्या आसपास लोकांनी भाग घेतला. अखेर विल्यम मॅक्डोना यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली ‘अ‍ॅडम जोसेफ लुइस सेंटर’ ही वास्तू 2000 साली वापरात आली.

या बैठकांतून ठरलेली उद्दिष्टे ‘द नेचर ऑफ डिझाइन’मध्ये दिली आहेत. ती वाचताना संकल्पाच्या धीटपणाचे कौतुक वाटते. इमारतीने सांडपाणी बाहेर सोडू नये. पिण्याजोगे पाणी आत यावे आणि पिण्याजोगेच बाहेर जावे. वापरील त्याहून अधिक वीज तिने निर्माण करावी. कर्करोगाला कारण होणारे कोणतेही द्रव्य तिच्यात नसावे. तिच्या भोवतालच्या भूमीत जीवजातींचे वैविध्य वाढावे. आयुष्यभराचा खर्च हिशेबात धरावा. शिवाय ती रचनेने आणि व्यवहाराने खरोखर शिकविणारी असावी. यांतील बरेच काही साधले. दक्षिणेकडील काचेच्या उंच दालनातून हिवाळ्यातले ऊन आत येते. जमिनीत खोल खणलेल्या विहिरींतून फिरणाऱ्या पाण्याच्या साहाय्याने खोल्या उबदार वा थंड होतात. जॉन टॉड यांच्या कल्पनेतून आलेले ‘लिव्हिंग मशीन’, म्हणजे वनस्पती व सूक्ष्म जीव यांच्याकरवी सांडपाणी शुद्ध करणारी टाक्यांची मालिका, इमारतीच्याच एका भागात आहे. जमिनीवरचे गालिचेसुद्धा विकत न घेता उत्पादकाकडून वापरापुरते घेतलेले. जीर्ण झाले की ते त्याच्याकडे परत जावयाचे. हा गालिचा ऑर यांच्या साऱ्या विचाराचे सर्वांत नेटके उदाहरण म्हणावे लागेल. वस्तूचा मालक बदलला की तिच्या टाकून देण्याचा प्रश्नही बदलतो, हे त्यावरून चालणाऱ्या विद्यार्थ्याला कोणीही समजावून सांगावे लागत नाही.

लिव्हिंग मशीनमधून निघणारे पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही. ते पुन्हा शौचालयाकडे जाते. ही काही लहान कामगिरी नव्हे. पण उद्दिष्टातील शब्द वेगळे होते. संकल्पातला ‘पिण्याजोगे’ हा शब्द आणि प्रत्यक्षातले पाणी यांच्यामध्ये जी फट पडली तिच्याकडे बराच काळ कोणी फारसे लक्ष दिले नाही. विजेच्या बाबतीत तसे झाले नाही. कारण विजेला मीटर होता, आणि कॉलेजात जॉन स्कोफील्ड नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते.

स्कोफील्ड यांनी इमारतीच्या पहिल्या काही वर्षांतील विजेच्या वापराचा अभ्यास करून 2002 मध्ये तो अभियंत्यांच्या एका मान्यवर वार्षिकात प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, इमारत भाकितापेक्षा कितीतरी अधिक वीज वापरीत होती आणि छतावरील सौर पॅनेलांतून मिळणारी वीज तिच्या गरजेला पुरी पडत नव्हती. इमारत संपूर्णतः विजेवर चालणारी. त्यात एका विद्युत बॉयलरची भर पडलेली. हिवाळ्यात तो वीज गिळीत असे. स्कोफील्ड यांचा दुसरा मुद्दा अधिक मूलगामी होता. मीटरवर दिसणारे एक युनिट म्हणजे खरा खर्च नव्हे. औष्णिक केंद्रात जाळलेल्या इंधनातील उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच विजेच्या रूपाने हाती येते, उरलेली वाया जाते. तेव्हा इमारतीने ओढलेल्या प्रत्येक युनिटामागे तिप्पट उष्णतेचा हिशेब धरला पाहिजे. ओहायो राज्याची वीज त्या काळात मुख्यत्वे कोळशापासून होत असे, हे ध्यानात घेतले तर या मुद्द्याची धार कळते. जी वास्तू अदृश्य खाण विद्यार्थ्याला दाखविण्यासाठी बांधली, तिच्याच हिशेबात ती खाण पुन्हा अदृश्य झाली होती.

या टीकेचा प्रतिवाद झाला आणि दुरुस्त्याही झाल्या. सरकारी अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने स्वतंत्र पाहणी करून 2004 मध्ये अहवाल दिला. इमारत त्याच प्रकारच्या सामान्य इमारतींपेक्षा बरीच काटकसरी आहे, तरी आराखड्यातील भाकितांपर्यंत ती पोहोचलेली नाही, असे मधले चित्र त्यातून दिसते. नियंत्रणयंत्रणा सुधारल्या गेल्या. 2006 मध्ये लगतच्या वाहनतळावर छत उभारून त्यावर आणखी 100 किलोवॉट क्षमतेचे पॅनेल बसविण्यात आले, आणि त्यानंतर वर्षाच्या एकूण ताळेबंदात इमारत वापरते त्याहून अधिक वीज देऊ लागली. 2010 मध्ये एका वास्तुकलाविषयक नियतकालिकाने तज्ज्ञांचा कौल घेतला तेव्हा गेल्या तीस वर्षांतील सर्वांत महत्त्वाची हरित वास्तू म्हणून हिचाच उल्लेख झाला. (वाहनतळाच्या छताने ही प्रतिज्ञा पुरी व्हावी, यात एक विनोद आहे. पॅनेलांच्या सावलीत मोटारी उभ्या असतात, आणि त्यांचे इंधन कोणत्याच ताळेबंदात येत नाही.) शिवाय ‘वर्षाचा ताळेबंद’ ही कल्पना स्वतःच थोडी तपासून घेण्यासारखी आहे. ओहायोत सौर विजेची भरभराट उन्हाळ्यात होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत विद्यार्थी सुटीवर असतात. वर्ग भरतात, खोल्या तापवाव्या लागतात, दिवे लवकर लागतात, त्या हिवाळ्याच्या दिवसांत इमारत बाहेरच्या तारेवर अवलंबून असते. वर्षाच्या बेरजेत ही तूट भरून निघते, हे खरेच. परंतु इमारत शिकवीत असेल तर ती कोणाला आणि केव्हा शिकविते, हा प्रश्न बेरजेने सुटत नाही.

‘डिझाइन ऑन द एज’ हा ग्रंथ या वादाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेला आहे, आणि त्याचे मूल्यमापनही त्या पार्श्वभूमीवर केले पाहिजे. त्यातील सर्वोत्तम भाग संस्थेविषयीचा आहे. शिकविणे हाच जिचा व्यवसाय ती संस्था स्वतः किती कमी शिकते, समित्या कशा चालतात, नवी कल्पना कशी बोथट केली जाते, पैशाच्या अटी कशा घातल्या जातात, याचे ऑर यांनी केलेले वर्णन कोणत्याही देशातील अध्यापकाला ओळखीचे वाटेल. येथे त्यांचे गद्य प्रवचनाचा सूर सोडते आणि निरीक्षणाकडे वळते. कटुता आहे, पण ती तपशिलांतून येते. संस्थात्मक जडत्वावरील ही पाने त्यांच्या एकूण लेखनातील सर्वांत प्रौढ पाने होत.

दुर्बलता आहे ती मापाच्या प्रश्नाजवळ. संकल्पात ज्याने माप आणले, प्रतवारीच्या प्रकरणात ज्याने पहिले स्थान मापाला दिले, तो लेखक स्वतःच्या वास्तूच्या मापाजवळ आल्यावर तिच्या अर्थाविषयी, प्रेरणेविषयी आणि भविष्याविषयी अधिक बोलू लागतो. इमारत ही एक प्रक्रिया आहे, ती कालांतराने शिकते आणि सुधारते, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा नाही. पुढील घटनांनी त्याला बळही दिले. परंतु ही सुधारणा घडली ती कशामुळे? मीटर वाचणारा एक अप्रिय सहकारी तेथे होता म्हणून. ऑर यांच्या मूळ सिद्धांताच्या दृष्टीने पाहिले तर स्कोफील्ड यांचा लेख ही त्या वास्तूने दिलेली सर्वांत मोठी शिकवण होती. एक छोटे कॉलेज, एक इमारत, तिच्याविषयी केलेला जाहीर दावा, आणि त्याच आवारातील दुसऱ्या विभागाने आकड्यांनिशी केलेले खंडन, यापेक्षा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखा प्रसंग कोणता असू शकतो? ज्ञानशाखांच्या भिंती पाडाव्यात म्हणून ऑर आयुष्यभर लिहीत आले. त्या भिंती येथे खरोखरच पडल्या होत्या, फक्त त्यांच्या इच्छेविरुद्ध. हा प्रसंग ग्रंथाच्या मध्यभागी यावयास हवा होता. तसे झाले असते तर ‘डिझाइन ऑन द एज’ समर्थनाच्या पातळीवरून उठून शिक्षणशास्त्रातील एक थोर आत्मपरीक्षण ठरला असता.

दुसरी उणीव विद्यार्थ्यांविषयीची आहे, आणि ती पहिलीपेक्षा सूक्ष्म आहे. विद्यार्थ्यांचा सहभाग हा या साऱ्या उपक्रमाचा अभिमानबिंदू आहे. 1992-93 चा वर्ग, 1995-96 च्या बैठका, यांचा उल्लेख ऑर पुनःपुन्हा करतात. परंतु वर्षांची बेरीज केली की एक साधी गोष्ट दिसते: अमेरिकन पदवीचे शिक्षण चार वर्षांचे, तेव्हा 1992-93 च्या वर्गात बसलेला कोणीही इमारतीचे दार उघडले त्या दिवशी विद्यार्थी म्हणून तेथे असण्याचा संभव नव्हता. ज्यांनी उद्दिष्टे ठरविली ते गेले. जे आले त्यांना उद्दिष्टे तयार मिळाली. विद्यार्थी हा विद्यापीठातील सर्वांत अल्पजीवी रहिवासी आहे आणि इमारत ही सर्वांत दीर्घजीवी. या दोहोंमध्ये सहभागाचे नाते कसे टिकवावे, हा टिकाऊपणाचा खरा विद्यापीठीय प्रश्न आहे. बांधकामापूर्वीचा सहभाग एकदाच घडतो व स्मारकासारखा उभा राहतो; नंतरच्या पिढ्या त्याच्याकडे पाहतात, जशी शाळेतील मुले पायाभरणीच्या फरशीकडे पाहतात. ऑर यांच्या ग्रंथांत विद्यार्थी बहुतेक वेळा समूहवाचक नाम म्हणून येतो. तो उत्साही असतो, प्रेरित होतो, पुढे जाऊन काही थोर करतो. तो कंटाळलेला, घाईत असलेला, दिवा चालू ठेवून वर्गाला गेलेला असा क्वचितच भेटतो.

असा विद्यार्थी भेटतो तो ऑर यांच्या ग्रंथांबाहेर, त्यांचेच सहकारी जॉन पीटर्सन यांनी इतरांसमवेत केलेल्या एका अभ्यासात. 2005 मध्ये ओबर्लिनच्या वसतिगृहांत दोन आठवड्यांची वीजबचतीची स्पर्धा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक वसतिगृहांना आठवड्यातून एकदा मीटर वाचून त्यांचा वापर कळविला जात असे. दोन वसतिगृहांत मात्र स्वयंचलित यंत्रणेमुळे वापर तत्क्षणी पाहता येत असे. सर्व मिळून विजेचा वापर 32 टक्क्यांनी घटला. 68,300 युनिटे वाचली. त्यांची किंमत 5,107 डॉलर होती. ज्यांना तत्क्षणी आकडे दिसत होते त्यांची घट 55 टक्क्यांपर्यंत गेली. इतरांची 31 टक्के राहिली.

या कोरड्या निबंधात वाङ्मयगुण नाहीत. पण विद्यार्थिसहभागाविषयी ऑर यांच्या शेकडो पानांत जे सुटले ते त्यात सापडते. वसतिगृहातील विद्यार्थ्याला विजेचे बिल येत नाही. वाचलेले पाच हजार डॉलर त्याच्या खिशात जाणार नव्हते, कॉलेजच्या तिजोरीत राहणार होते. तरीही त्याने दिवे मालविले. आकडा दिसला की वर्तन बदलते, आणि तो लवकर दिसला तर अधिक बदलते, एवढे निश्चित झाले. हा सहभाग बैठकीतला नाही, रोजच्या हालचालीतला आहे. तो पदवी घेऊन निघून जात नाही, कारण पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यासमोरही तोच मीटर असतो. पुढे याच आवारात वसतिगृहांतून काचेचे गोळे ठेवले गेले. वापर कमी असला की ते हिरवे दिसत, वाढला की तांबडे. ऑर यांनी ज्याला भिंतींचे अध्यापन म्हटले असते ते या क्षुल्लक गोळ्याने अधिक नेमकेपणे साधले असे म्हणण्यास हरकत नाही. त्यासाठी काचेचे उंच दालन लागले नाही. अर्थात गोळ्याची कल्पना सुचण्याकरिता आधी ती इमारत आणि तिच्यातील संवेदकांचे जाळे उभे राहावे लागले, हे श्रेय ऑर यांच्याकडून काढून घेता येणार नाही.

मात्र या अभ्यासालाही मर्यादा आहेत. दोन आठवडे ही स्पर्धेची मुदत आहे, सवयीची नव्हे. आपण पुढेही असेच वागू, असे विद्यार्थ्यांनी नंतरच्या प्रश्नावलीत सांगितले. पण प्रश्नावली म्हणजे मीटर नव्हे, आणि स्कोफील्ड यांनी शिकविलेला धडा येथेही लागू पडतो. शिवाय विजेची घट 32 टक्के असताना पाण्याची घट अवघी 3 टक्के होती. विजेचे बटण दाबणे ही क्षणाची आणि कोणालाही न दुखविणारी क्रिया. पाण्याचा संबंध स्नानाशी, स्वच्छतेशी, शरीराविषयीच्या संस्कारांशी येतो. तेथे आकडा दाखवून माणूस हलत नसावा. हा तीनचा आकडा बत्तिसाइतकाच बोलका आहे, आणि त्याच्याकडे पुढच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष दिले पाहिजे.

भारतीय वाचकाला हे सारे वाचताना स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहण्याचा मोह होणे साहजिक आहे. आपल्याकडे झाडांशी विद्यार्थ्याचे नाते जोडण्याचा सर्वांत सुंदर प्रयत्न शांतिनिकेतनात झाला. रवींद्रनाथांनी 1928 मध्ये वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला, त्याला गीत आणि नृत्याची जोड दिली. तेथे मापाचा प्रश्न नव्हता, कारण दावाच मापाचा नव्हता; उत्सवाला हिशेब विचारणे हे अरसिकपणाचे ठरले असते. परंतु आजच्या विद्यापीठांनी त्या उत्सवाचे बाह्यांग तेवढे उचलून त्याला हिशेबाच्या अहवालात बसविले आहे. लावलेल्या रोपांची संख्या अहवालात येते, जगलेल्या झाडांची येत नाही. उत्सव म्हणून तो रंगत नाही, आणि माप म्हणून तो खरा नसतो.

अभ्यासक्रमाच्या मार्गाने जो प्रयत्न झाला तो अधिक विचारार्ह आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरणशिक्षणाविषयी आदेश दिला. 2003 मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला गेल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी-विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्यातील एरक भरुचा यांनी लिहिले. एवढ्या विशाल विद्यार्थिवर्गासाठी इतक्या सुबोध रीतीने लिहिणे ही सोपी गोष्ट नाही, आणि त्या पुस्तकाची चित्रमयता व माहितीची विश्वसनीयता वाखाणण्याजोगी आहे. प्रश्न आहे तो अभ्यासक्रमाच्या आराखड्याचा. पन्नास तासिकांपैकी पाच तासिकांइतका वेळ क्षेत्रकार्याला दिला होता, आणि शंभरांपैकी पंचवीस गुण. क्षेत्र म्हणून जी यादी दिली होती तिच्यात नदी, वन, माळ, टेकडी होती. प्रदूषित झालेली एखादी स्थानिक जागा होती. परिचित वनस्पती, कीटक, पक्षी होते. तळ्यासारखी साधी परिसंस्था होती. विद्यार्थी ज्या इमारतीत बसून हा विषय शिकत होता ती इमारत तेवढी यादीत नव्हती. तिचे विजेचे बिल, तिची गळकी टाकी, तिच्या उपाहारगृहामागचा उकिरडा यांना अभ्यासविषयाचा दर्जा मिळाला नाही. पर्यावरण हे फाटकाबाहेर असते, ते पाहण्यासाठी सहलीला जावे लागते, असे या यादीने न बोलता सांगितले. पंचवीस गुणांची वही मग कशी भरली जाते, हे परीक्षक म्हणून काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे: एकच तळे, एकच वर्णन, हस्ताक्षरे तेवढी निरनिराळी.

ऑर यांच्या लेखनाची उपयुक्तता आपल्याकडे येथे आहे. त्यांच्या वास्तूचे अनुकरण करणे खर्चाच्या आणि हवामानाच्या दृष्टीने अस्थानी होईल. ओहायोतील प्रश्न थंडीचा आहे, विदर्भातील उन्हाळ्याचा. त्यांच्या प्रवचनाचे अनुकरण तर आपल्याकडे आधीच भरपूर होते. परंतु प्रतवारीच्या प्रकरणातील पहिली कसोटी कोणत्याही महाविद्यालयाला, एकही वीट न रचता, उद्यापासून लावता येण्यासारखी आहे. मुख्य फलकाशेजारचा मीटर दर सोमवारी वाचावा, विद्यार्थिसंख्येने भागावे आणि तो आकडा सूचनाफलकावर परीक्षांच्या वेळापत्रकाइतक्याच ठळक अक्षरांत लावावा. पुढच्या आठवड्यात तो वाढला तर का वाढला, हे पदार्थविज्ञानाच्या वर्गाने शोधावे आणि भाषेच्या वर्गाने नीट लिहून काढावे. असे लिहिलेले पान प्राचार्यांना आवडेलच, असे नाही. स्कोफील्ड यांचा लेखही ओबर्लिनमध्ये कोणाला आवडला नव्हता.